कोटेशन कारखान्याला विचारून द्या

१८ जुलै २०२२ पासून पाण्यासाठीच्या विजेवर चालणाऱ्या पंपांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. भोसरीच्या बाजूला पंप बनवणारा एक कारखाना आहे. नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत. तिथल्या अकाउंट्सच्या मुलीने आदल्या संध्याकाळीच ईआरपीत, म्हणजे कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नवा दर भरला आणि १८ तारखेचं पहिलं बिल बिनचूक निघालं. मार्केटिंगच्या खोलीतली कोटेशनची एक्सेल फाइल मात्र १२ टक्क्यांवरच राहिली. बरं, ती एक फाइल नव्हती. प्रत्येकाच्या लॅपटॉपवर तिची आपापली प्रत होती, कुणाची ‘फायनल’, कुणाची ‘फायनल न्यू’, कुणाची ‘फायनल २’. दोघांनी दर बदलला, तिसऱ्याला कुणी सांगितलंच नाही. त्याची जुन्या दराची कोटेशनं दसऱ्यापर्यंत जात राहिली.

हॉस्पिटल किंवा हाउसिंग सोसायटी अशा गिऱ्हाइकाला कराचं क्रेडिट सहसा मिळत नाही, म्हणून त्याला सगळं धरून एकच आकडा लागतो. शंभर रुपयांच्या मालाला ११२ असा आकडा देऊन बसलात आणि बिल करताना कर १८ टक्के लागला, की मालाचे म्हणून हातात ९४ रुपये ९२ पैसे उरतात. पाच टक्के गेले. जिथे वर्षाच्या शेवटी सहा-सात टक्के हाती लागले तरी शेठ पेढे वाटतात, तिथे पाच टक्के जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. गंमत म्हणजे खरा दर त्याच इमारतीत, चार पायऱ्या खाली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसलेला होता.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. उमेदीची वर्षं चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्यात गेली. आता भोसरी, चाकण, सातपूर, कोल्हापूरजवळची शिरोली असं फिरून लहान-मध्यम कारखान्यांचं कॉस्टिंग बघतो. कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीचं कमिशन घेत नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे म्हणणार आहे ते विक्रेत्याच्या तोंडी शोभेल असं आहे. कोटेशन बनवण्याची व्यवस्था आणि कारखाना चालवण्याची व्यवस्था, म्हणजे स्टोअर्स, परचेस, प्रॉडक्शन, अकाउंट्स, या दोन्ही एकमेकींना जोडलेल्या असायला हव्यात. मार्केटिंगवाला कोटेशन देतो तेव्हा सगळ्या कारखान्याच्या वतीने शब्द देत असतो. शब्द देताना कारखान्याला विचारायची सोय त्याच्याकडे नसेल, तर तो अंदाजाने बोलणार. त्यात त्याचा काय दोष?

‘आमच्यासारख्यांना दोन सिस्टिम जोडणं झेपत नाही,’ हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक केबिनमध्ये ऐकलंय. ते आता खरं राहिलेलं नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या उद्योगांना दुसऱ्या व्यावसायिकाला विकलेल्या मालाचं ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. २०२० साली ही मर्यादा ५०० कोटी होती, ती उतरत उतरत पाचवर आली. बिलाची माहिती सरकारी पोर्टलवर जाते, तिथून नंबर आणि क्यूआर कोड येतो, आणि बऱ्याच ठिकाणी हे ईआरपीतून आपोआप होतं. म्हणजे आपला कॉम्प्युटर सरकारच्या कॉम्प्युटरशी रोज बोलतो. मालक ज्याला ‘झेपत नाही’ म्हणतात ते बिलाच्या टोकाला कधीच झेपलंय, कारण तिथे दंडाचं भय होतं. कोटेशनच्या टोकाला दंड करणारं कुणी नाही. तिथे अजून व्हॉट्सॲप चालतं. “काका, सीएफ-एट-एमच्या कास्टिंगचा रेट सांगा ना पटकन, पार्टी समोर बसलीये.” असे मेसेज मला आजही येतात, तेही ज्या कारखान्यांचं काम मी केव्हाच सोडलंय तिथून.

पंपाचंच उदाहरण पुढे नेतो, कारण त्यातले खाचखळगे मला ठाऊक आहेत. समजा, एका कारखान्यात पंपाचे बारा साइझ आहेत. प्रत्येक पंप बिडात, ब्राँझमध्ये आणि दोन जातींच्या स्टेनलेस स्टीलमध्ये मिळतो, म्हणजे चार धातू. शाफ्टपाशी गळती रोखायला ग्लँड पॅकिंग किंवा वेगवेगळी मेकॅनिकल सील, असे पाच पर्याय. सीलमधल्या रबराचे तीन प्रकार. मोटरी आठ. गुणाकार करा, ५,७६० पंप झाले. यातले कित्येक जमणारच नाहीत. मोठ्या पंपाला छोटी मोटर चालत नाही, अमुक द्रवाला तमुक रबर चालत नाही. कुठलं चालतं आणि कुठलं नाही हे बहुतेक कारखान्यांत एका माणसाच्या डोक्यात असतं. तो माणूस सहसा पन्नाशीच्या पुढचा असतो, त्याला सगळे ‘साहेब’ म्हणतात आणि तो रजेवर गेला की कोटेशनं थांबतात.

लातूरकडच्या एका तेलगिरणीला गेलेल्या पंपाची गोष्ट सांगतो. ज्या कारखान्याने पंप पाठवला तिथे ईपीडीएम रबराची सील ‘स्टँडर्ड’ होती. त्यांचं बहुतेक काम गरम पाण्याचं, आणि गरम पाण्याला ईपीडीएम उत्तम. तेलाला मात्र ते चालत नाही, तेलात ते फुगतं. तिथे व्हायटॉन लागतं. कोटेशन काढणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं. त्याने किंमतही व्हायटॉनची धरली होती आणि कोटेशनच्या वरच्या पत्रात ‘द्रव : खाद्यतेल’ असं स्वच्छ लिहिलं होतं. ऑर्डर आली, ती ईआरपीत भरायला दुसरी मुलगी. ईआरपीतल्या सेल्स ऑर्डरच्या फॉर्मवर ‘द्रव’ असा रकानाच नव्हता. तिने पंपाचा साइझ, धातू, मोटर भरली, सीलच्या जागी ‘मेकॅनिकल’ निवडलं, आणि सिस्टिमने स्टँडर्ड सील उचलली. पंप टेस्ट बेंचवर पास झाला, कारण टेस्टिंग पाण्यावर होतं. महिना-दीड महिन्यात गिरणीत तेलाचं तळं. मग रात्रीच्या बसने सील घेऊन माणूस गेला, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या, काम फुकट केलं. नंतरच्या मीटिंगमध्ये सगळे त्या ऑर्डर भरणाऱ्या मुलीकडे बघत होते. तिचा काही संबंध नव्हता. जी माहिती कोटेशनमध्ये होती ती पुढे न्यायला जागाच ठेवलेली नव्हती.

हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कॉम्प्युटर बनवणारी बडी कंपनी होती. तिचे व्हॅक्स कॉम्प्युटर गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे जुळवून दिले जात आणि विक्रेत्यांच्या ऑर्डरींत काही ना काही राहून जाई, कधी केबल, कधी कॅबिनेट. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅक्डरमॉट यांनी १९७८ साली त्यावर एक प्रोग्रॅम लिहिला. तो पुढे एक्सकॉन नावाने ओळखला गेला आणि १९८० पासून प्रत्यक्ष ऑर्डरी तपासू लागला. ‘हा भाग घेतला तर तो लागतोच’ अशा नियमांचा तो साठा होता. आज ज्याला सीपीक्यू म्हणून विकतात, म्हणजे पर्याय निवडा, किंमत काढा, कोटेशन द्या, त्याचा तो पूर्वज. त्याच्या कहाणीचा दुसरा भाग विक्रेते सांगत नाहीत. नियम वाढत वाढत हजारांवर गेले, नवं मॉडेल आलं की बदलावे लागले, आणि ते सांभाळणं हेच एक खातं होऊन बसलं. भोसरीतल्या एखाद्या कारखान्याने सॉफ्टवेअर घेताना वार्षिक देखभालीचे पैसे विचारले, पण नियम कोण सांभाळणार हे विचारलं नाही, तर दोन वर्षांत ते ‘साहेब’ पुन्हा डोक्यातून कोटेशन काढू लागतात. मी हे पाहिलंय. लायसनचे पैसे मात्र जात राहतात.

आता किमतीकडे येतो. हा माझा प्रांत आहे, थोडं लांबलं तर चालवून घ्या.

विक्रेता डेमो देताना मोठ्या अभिमानाने दाखवतो, की कोटेशन उघडलं की ईआरपीतला मालाचा दर आपोआप येतो. शेठ खूश. मी विचारतो, कुठला दर? मग शांतता. ईआरपीत एकाच मालाचे निदान तीन दर असतात. शेवटच्या खरेदीचा, शिल्लक साठ्याचा भारित सरासरीचा, आणि कुणी कधीतरी ‘स्टँडर्ड’ म्हणून भरून ठेवलेला. बहुतेक ठिकाणी जोडणी सरासरी दराशी होते, कारण तोच सगळ्यात सहज मिळतो. आता बघा. साठ्यात २०० किलो माल ३०० रुपयांनी घेतलेला पडलाय. बाजार चढला म्हणून नंतर ५० किलो ३८० ने घेतला. सरासरी निघाली ३१६. कोटेशन ३१६ ने गेलं. ऑर्डर महिन्याने आली, माल त्यापुढच्या महिन्यात घ्यायचा, तोवर जुना साठा दुसऱ्याच कामात संपलेला. प्रत्यक्ष खरेदी ३८० ने. चाळीस किलोचं कास्टिंग असेल तर एका पंपामागे २,५६० रुपये खिशातून. बाजार चढता असताना सरासरी दर नेहमी मागे राहतो. साठ्याचं मूल्य ठरवायला तो योग्य आहे, लेखा मानकं त्याला मान्यता देतात. उद्या बनवायच्या मालाची किंमत ठरवायला तो घातक आहे. एक्सेलमध्ये चुकीचा दर एका माणसाच्या कोटेशनात जायचा. जोडणी करताना हे ठरवलं नाही तर तोच दर सगळ्यांच्या कोटेशनात जाईल, आणि ‘सिस्टिममधून आलाय’ म्हणून त्याच्यावर कुणी शंकाही घेणार नाही.

मार्च २०२२ आठवा. ८ तारखेला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं. युक्रेन युद्धाची धास्ती होतीच, त्यात एका चिनी उत्पादकाने भाव पडण्याच्या बाजूने केलेले मोठे सौदे अंगाशी आले होते. एक्स्चेंजने व्यवहार थांबवले आणि त्या दिवसाचे सौदे रद्दही केले. सीएफ-एट-एम जातीच्या स्टेनलेस कास्टिंगमध्ये शंभर किलोला नऊ ते बारा किलो निकेल असतं. कास्टिंगवाले पुरवठादार दोन दिवसांत शहाणे झाले, दिलेले भाव त्यांनी मागे घेतले. पंपवाल्यांची कोटेशनं मात्र बाहेर फिरत होती, वैधता ३० दिवस, कुठे ६०. किती कोटेशनं बाहेर आहेत, त्यात स्टेनलेसची किती, आणि कुठली अजून वैध आहेत, हा साधा प्रश्न मी एका ठिकाणी विचारला. उत्तर मिळायला तीन माणसं आणि अख्खी दुपार लागली, आणि तेही पुरतं बरोबर नव्हतं. कोटेशनं आणि खरेदीचे दर एका जागी बोलत असते तर ही यादी चहा येईपर्यंत निघाली असती. ज्यांना तारीख वाढवून द्यायची त्यांना, आणि ज्यांना ‘माफ करा, भाव बदलावा लागेल’ म्हणायचं त्यांना त्याच दिवशी फोन गेले असते.

दरासारखीच मुदतीची गोष्ट. ‘डिलिव्हरी : ६ ते ८ आठवडे’ हे शब्द मी कोटेशनांवर इतकी वर्षं पाहतोय की ते लेटरहेडवरच छापलेत की काय असं वाटावं. मोटर कंपनीची मुदत दहा आठवड्यांवर गेली, आपल्या व्हीएमसी मशीनवर पाच आठवड्यांचं काम तुंबलंय, तरी कागदावर ६ ते ८. गिऱ्हाइकाच्या पीओत, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरीत, उशिराचा दंड असतो. नेहमीची रीत आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के. तो बिलातून परस्पर कापला जातो, आणि अकाउंट्समध्ये ‘इतर वजावट’ अशा खात्यात जातो, जिथे मार्केटिंगवाला कधीच डोकावत नाही. मशीनवरचं काम किती तुंबलंय हे ईआरपीला माहीत असतं. मोटर किती दिवसांत आली हेही. विचारणारा पाहिजे.

इथपर्यंत मालक मान डोलावतात. अडतं ते पुढे, आणि अडवणारी गोष्ट तांत्रिक नसते. शेठना आपलं मार्जिन कुणाला दिसू द्यायचं नसतं. “काका, पोरांना कॉस्ट कळली की उद्या शेजारच्या प्लॉटवर जाऊन सांगतील.” भीती खोटी नाही. पण आज काय होतं? नोकरी सोडणारा पोरगा अख्खी एक्सेल, सगळ्या दरांसकट, पेन ड्राइव्हवर घेऊन जातो. नीट जोडलेल्या व्यवस्थेत त्याला फक्त विक्रीची किंमत आणि ‘याच्या खाली विचारल्याशिवाय जायचं नाही’ एवढंच दिसतं, आतली कॉस्ट दिसत नाही. गुपित राखायचं असेल तरी एक्सेलपेक्षा हे बरं. खरी अडचण वेगळी आहे आणि ती कुणी बोलत नाही. जोडणी झाली की शेठनी स्वतः दिलेली सूट दिसू लागते. गिऱ्हाईक जुनं, चहा झाला, मुलाच्या लग्नाचं आमंत्रण झालं, ‘चला, राउंड फिगर करून टाका’ म्हणत दोन लाख सुटले. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक उद्योगाच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याचा माग ठेवणं सक्तीचं आहे, आणि तो बंद करता येत नाही. शंभर रुपयांचं व्हाउचर बदललं तरी नोंद राहते. दोन लाखांची सूट कुणी दिली याचा मात्र कुठेही पत्ता नाही. मला हे हास्यास्पद वाटतं. शेठनी सूट द्यावी, कारखाना त्यांचा आहे. पण वर्षाच्या शेवटी नफा का घटला म्हणून माझ्याकडे बघू नये.

आता जोडायचं कसं. यात दोन जागी हमखास घसरायला होतं.

पहिली जागा आयटम कोडची. एका कारखान्यात एकच स्टेनलेस बोल्ट तीन नावांनी सापडला. ‘बोल्ट एसएस एम १२’, ‘एम १२ एसएस बोल्ट’ आणि ‘हेक्स बोल्ट १२ एमएम स्टेनलेस’. तीन कोड, तीन दर, तीन साठे. कोटेशनला यातला कुठला जोडणार? ही साफसफाई कंटाळवाणी असते. ती सॉफ्टवेअर करत नाही, स्टोअर्समधल्या जुन्या माणसाला बरोबर घेऊन करावी लागते. विक्रेता ती ‘डेटा मायग्रेशन’ या एका ओळीत गुंडाळतो. प्रत्यक्षात निम्मं काम तेच असतं. आणि उलट्या दिशेचीही काळजी घ्यावी लागते. प्रत्येक कोटेशनला ईआरपीत नवा कोड उघडायची सोय केली, की न आलेल्या ऑर्डरींच्या कोडांनी मास्टर भरून जातो. दहा कोटेशनांतली दोन-तीन ऑर्डर होतात, बाकीची हवेत. तेव्हा कोड आणि बीओएम, म्हणजे लागणाऱ्या भागांची यादी, पीओ हातात आल्यावरच तयार व्हावेत. तोवर कोटेशन आपल्या घरात राहू दे.

दुसरी जागा पीओची. कोटेशनवरून सेल्स ऑर्डर एका बटणात तयार होते हे ऐकायला छान वाटतं. पण गिऱ्हाईक तुमच्या कोटेशनवर सही करून प्रत पाठवत नाही, ते स्वतःचा पीओ पाठवतं. त्याच्या मागे बारीक अक्षरात त्याच्या अटी. कोटेशन रिव्हिजन तीनचं, पीओत संदर्भ रिव्हिजन दोनचा. पेमेंट ९० दिवस. तिसऱ्या पक्षाचं इन्स्पेक्शन, तेही तुमच्या खर्चाने. आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं असतं, त्यात ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी अटींचा आढावा घ्या असं स्पष्ट कलम आहे. ते किती ठिकाणी मनापासून पाळलं जातं हे आपण सगळे जाणतो. म्हणून माझं मत असं, की ते एक बटण देऊच नका. कोटेशन आणि पीओ शेजारी शेजारी दिसतील, फरक लाल होतील आणि माणसाने सही केल्यावरच ऑर्डर आत जाईल, अशी व्यवस्था मागा.

या ९० दिवसांवरून आठवलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या एमएसएमई कायद्याने संरक्षण आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराची तरतूदही त्याला जोडली गेली, मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही. पण आपण लघु उद्योग आहोत हे खरेदीदाराला कळणार कशावरून? उद्यम नोंदणी क्रमांक अकाउंट्सच्या फाइलीत असतो, कोटेशनवर नसतो. पेमेंटच्या जागी ‘ॲज पर म्युच्युअल टर्म्स’ लिहून मोकळे होतात. एवढी एक ओळ अकाउंट्समधून कोटेशनवर आपोआप आली असती, तरी वसुलीच्या फोनवर बोलायला काही आधार मिळाला असता.

हे सगळं वाचून उद्याच कुणी लाखो रुपयांचं पॅकेज घ्यायला निघाला तर थांबा. महिन्याला पंधरा-वीस कोटेशनं आणि मालही ठरावीक, अशा कारखान्याला सीपीक्यूची गरज नाही, हे माझं ठाम मत आहे. त्याला एकच एक्सेल पुरते. ती सगळ्यांसाठी एकाच जागी ठेवलेली असावी, दर तिच्यात रोज सकाळी ईआरपीतून यावेत आणि ते कुणाला हाताने बदलता येऊ नयेत. काहींना तर नवं काही घ्यावंच लागत नाही. आपल्या मुंबईतल्या फ्रॅपे या कंपनीचं ईआरपीनेक्स्ट घ्या. ते ओपन सोर्स आहे आणि त्यात कोटेशनवरून सेल्स ऑर्डर करायची सोय मुळातच आहे. असे कारखाने मला माहीत आहेत जिथे ईआरपीतलं कोटेशनचं पान कुणी एकदाही उघडलेलं नाही, आणि मालक बाहेर दुसरं सॉफ्टवेअर शोधतायत. उलट दुसऱ्या टोकाला, एकेक नग नव्याने डिझाइन करून देणारे, प्रेशर व्हेसलवाले, स्पेशल मशीनवाले. त्यांचं प्रत्येक कोटेशन म्हणजे छोटं इंजिनिअरिंगच. त्यांना पर्याय निवडायचं सॉफ्टवेअर फारसं कामाचं नाही, मागच्या कामांचा खरा खर्च पटकन सापडला तर जास्त उपयोग होतो. मधले जे आहेत, पंप, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स, कंट्रोल पॅनल, कन्व्हेयर असा ठरावीक पर्यायांतून जुळवून दिला जाणारा माल बनवणारे, त्यांना याचा खरा फायदा. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात असे कारखाने रगड आहेत.

‘आणि मग आमचं काय?’ हे मला विचारणारे ते पन्नाशीतले ‘साहेब’च असतात. त्यांना मी सांगतो, की तेलाला ईपीडीएम चालत नाही हा नियम लिहून देणारा माणूस लागणारच आहे आणि तो नियम दरवर्षी तपासणाराही. फक्त रोज तोच नियम फोनवरून दहा जणांना सांगायचं काम सुटेल. काहींना ते पटतं. काहींना नाही पटत, कारण दहा जणांनी विचारायला येणं हाच त्यांचा कारखान्यातला मान असतो. त्यावर सॉफ्टवेअरकडे उत्तर नाही, मालकाकडे असायला हवं. ज्याच्या डोक्यातले नियम तुम्ही सिस्टिममध्ये घेताय, त्याचं पद आणि पगार आधी वाढवा, मग त्याच्याकडून नियम लिहून घ्या. क्रम उलटा केला तर तो निम्मेच नियम सांगेल, आणि त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

ज्यांचा कारखाना आहे त्यांना माझी एक विनंती. गेल्या वर्षीच्या कुठल्याही दहा ऑर्डरी काढा, गाजलेल्या नको, सरसकट. प्रत्येकीच्या कोटेशनमध्ये धरलेलं मटेरियल, मशीनचे तास, बाहेरची जॉबवर्कची कामं, वाहतूक आणि मुदत एका रकान्यात लिहा, प्रत्यक्षात काय लागलं ते शेजारच्या रकान्यात. मार्केटिंगचा एक आणि अकाउंट्सचा एक माणूस एका टेबलाशी बसवा. जिथे फरक पाच टक्क्यांपेक्षा जास्त आहे तिथे कारण लिहून घ्या. जुना दर, चुकीचा कर, राहिलेला रकाना, की शेठची सूट. सॉफ्टवेअर विकणारा आला की डेमो सुरू होण्याआधी हा कागद त्याच्यापुढे ठेवा आणि यातली कुठली गळती तुमचं सॉफ्टवेअर थांबवेल ते एकेक करून विचारा. त्याने नीट उत्तर दिलं तर पुढच्या मीटिंगची तारीख द्या, नाही दिलं तर चहा पाजून पाठवा.